माथ्यावर टाकायचा रुपया

रोलर कोस्टरमध्ये बसणार असाल तर एक लक्षात ठेवा, त्यात चढच जास्त असतो. लोक उताराच्या गोष्टी सांगतात, पोटात गोळा आल्याच्या, घसा बसेपर्यंत ओरडल्याच्या. पण उतार डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच संपतो. चढताना मात्र खालची साखळी कटकट वाजत राहते, पाठ खुर्चीला चिकटते, समोर नुसतं आभाळ असतं आणि आपण इथे कशाला आलो याचा विचार करायला भरपूर वेळ मिळतो. मी आयुष्यात एकदाच त्यात बसले. शेजारी माझे वडील होते.

अब्बा भोर-महाड रस्त्यावर वडापची जीप चालवायचे. एसटीची वाट बघून कंटाळलेल्या माणसांना कोंबून नेणारी खाजगी गाडी म्हणजे वडाप. नऊ माणसांच्या जागेत चौदा बसायची, वर कोंबड्या आणि भाताची पोती. वीस-बावीस वर्षं अब्बांनी वरंध घाटात असाच संसार वाहून नेला आणि एकदाही कुणाला खरचटू दिलं नाही. घाटाच्या माथ्यावर वाघजाईचं देऊळ लागतं. तिथं पोचलं की चालत्या गाडीतूनच ते एक रुपया बाहेर टाकायचे. आमचं घर मुसलमानाचं, पण त्यात त्यांना कधी काही वेगळं वाटलं नाही. "घाटाचा मान हाय त्यो," म्हणायचे. "दिला न्हाई तर त्यो आपल्या हातानं घेतो."

मला गाडी त्यांनीच शिकवली. आधी भाटघर धरणाकडच्या सपाट रस्त्यावर, मग एकदा घाटात. भोरमध्ये त्या काळी पोरीच्या हातात जीप देणं म्हणजे चर्चेला आमंत्रणच. मोहल्ल्यातल्या चार जणांनी त्यांना विचारलंही, की पोरीला वडाप चालवायला लावणार का. अब्बा म्हणाले, तुमच्या पोरांपेक्षा ती क्लच हळू सोडती. घाटात ते माझ्या शेजारी बसून एकेक खूण सांगत होते. "डोळ्यावर इसंबून राहायचं न्हाई. डोळा फसवतो. घाट अंगानं चालवायचा. इंजिनाचा आवाज ऐक. त्यो डाव्या हाताचा आंबा आला की सेकंड टाक, म्हंजे फुडचं वळन आपसूक हातात येतं." माथा जवळ आला की इंजिनाचा सूर कसा मोकळा होतो, तेही त्यांनी डोळे मिटून ऐकायला लावलं. अर्थात त्यांनी स्वतःचे डोळे मिटले, माझे नाही.

त्यानंतर मला शिरवळच्या बाजूला एका कंपनीत नोकरी लागली आणि घाटाशी माझा संबंध सुटला.

अब्बांच्या डोळ्यांचं पहिल्यांदा अम्मीच्या लक्षात आलं. ते बशीत चहा ओतताना बशीच्या बाहेर ओतू लागले. मग उंबऱ्यावर पाय अडखळू लागला. जाड भिंगांचा चष्मा आला, त्याहून जाड आला. एकदा जीपच्या डाव्या अंगाला लांबलचक ओरखडा दिसला. घाटातल्या कठड्याला घासली होती. समोरच्यानं लाइट मारला, असं अब्बा म्हणाले. दुपारच्या खेपेत कोणी कसला लाइट मारला, हे आम्ही विचारलं नाही.

अम्मी मला म्हणायची, "तू सांग त्यास्नी. तू शिकलेली हाईस. रोज चौदा मानसं बसत्यात, बायाबापड्या, ल्येकरं. काय झालं तर अल्लाला काय तोंड दावायचं?"

मी हो म्हणायचे आणि सांगायचे नाही. ज्या माणसानं आपल्याला स्टेअरिंग धरायला शिकवलं त्याला ते सोडा म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. खरं सांगायचं तर मी भित्री होते. रोज संध्याकाळी जीपचा हॉर्न ऐकू आला की आजचा दिवस गेला असं मनात म्हणायचे, आणि डोळ्यांवर कातडं ओढून जेवायला बसायचे.

अशात कंपनीची दोन दिवसांची सहकुटुंब ट्रिप निघाली, मुंबईजवळच्या एका मोठ्या पार्कला. माझं लग्न झालेलं नव्हतं, म्हणून कुटुंब म्हणजे अम्मी-अब्बा. कंपनीची बस शिरवळहून सुटणार होती. तिथपर्यंत अब्बांनी आम्हाला जीपमधून नेलं. वाटेत दुधाच्या किटल्या लटकवलेला एक सायकलवाला अगदी जवळ आल्यावर त्यांना दिसला. त्यांनी गाडी झटक्यानं उजवीकडे घेतली आणि त्या माणसाला मनसोक्त शिव्या घातल्या. अम्मीनं पुढचा दांडा धरला तो शिरवळपर्यंत सोडला नाही.

बसमध्ये अब्बा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले आणि सबंध रस्ता उजव्या पायानं खालचा पत्रा दाबत राहिले. प्रत्येक वळणाला ब्रेक. "जित्त्याची खोड," अम्मी म्हणाली. पण बसमधल्या लोकांना त्यांचं फार कौतुक वाटलं. वरंध घाटाचा ड्रायव्हर आपल्याबरोबर आहे म्हटल्यावर सगळे त्यांना रोलर कोस्टरबद्दलच विचारू लागले. अब्बांनी तो कधी पाहिला नव्हता, त्यामुळे त्यांनी सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. रिकाम्या पोटी बसायचं नाही आणि भरल्या पोटीही नाही. बुडाखाली पेपर घ्यायचा, म्हणजे मळमळत नाही. हातात लिंबू ठेवायचं आणि हुंगायचं. मागं बसायचं नाही, मागचं हाडं खिळखिळी करतं. खाली बघायचं नाही, वळणाच्या पुढं बघायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची शिरवळची मंडळी त्या रांगेत उभी होती ती प्रत्येकाच्या हातात लिंबू आणि काखेत पेपर घेऊन. पार्कच्या गणवेशातल्या पोरानं आधी लिंबं काढून घेतली. मग लोक पेपर अंथरून बसायला लागले तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला आणि सगळे पेपर गोळा केले. अकाउंट्समधल्या एका बाईंनी मात्र साडीच्या निऱ्यांत अर्धा पेपर राखला, आणि पुढे वर्षभर त्या सांगत होत्या की मला काही झालं नाही.

आम्ही खाली रांगेत होतो तेव्हा त्या लोखंडी डोंगराकडे मी मान मोडेपर्यंत बघत होते. इतकं उंच काही मी पाहिलं नव्हतं. वरची माणसं मुंग्यांएवढी, आणि त्यांचं ओरडणं गाडी निघून गेल्यावर मागाहून आल्यासारखं वाटायचं. दारात पाटी होती. हृदयविकार, रक्तदाब, गरोदर स्त्रिया, पाठीचं दुखणं असलेल्यांनी बसू नये. अम्मीनं ती दोनदा वाचून घेतली. डोळ्यांचं त्यात काही नव्हतं. अम्मी बाकावर बसली. "म्या हितंच बरी," म्हणाली. अब्बांनाही मी तेच सुचवलं, पण माझ्या सेक्शनचे लोक म्हणाले, "चाचा, तुमीच न्हाई तर कसं? घाटाचे राजे तुमी." राजाला मग माघार घेता येईना.

चपला, पाकीट, चष्मा, सगळं एका खोक्यात ठेवायला लावतात. अब्बांनी चष्मा काढून ठेवला आणि माझ्या दंडाला धरून सीटमध्ये बसले. छातीवर दांडा आला, खटकन बसला. अब्बांनी तो हलवून पाहिला, मग पायानं खाली चाचपलं. "हितं काईच न्हाई," ते म्हणाले. "ब्रेक न्हाई, गेर न्हाई. डायवर कुठं बसतो?"

"ड्रायव्हर नसतो, अब्बा. आपोआप चालते."

"आपोआप," ते म्हणाले. त्यांची डावी मूठ आवळलेली होती. मी विचारलं तेव्हा त्यांनी किंचित उघडून दाखवली. आत रुपया होता. पोराची नजर चुकवून ठेवला होता. "माथा येनारच की," ते म्हणाले.

मग चढ लागला. त्याबद्दल मी आधीच सांगितलं आहे. एवढंच सांगायचं राहिलं, की अर्ध्यावर गेल्यावर वारा लागतो आणि खालचे आवाज तुटतात. मी धीर करून बाजूला पाहिलं. खाडी दिसली, मिठागरांचे चौकोन दिसले, पार पलीकडे समुद्राची चमकती रेघ दिसली. अगदी टोकाला साखळीचा आवाज थांबला आणि गाडी क्षणभर लटकली. मी अब्बांच्या मुठीकडे पाहिलं. ती आता उघडेल असं मला वाटलं होतं. ती उघडली नाही.

उताराचं काय सांगू. शरीर खाली जातं आणि जीव वरच राहतो, तो वळणावर येऊन भेटतो. मान गदागदा हलते, डोळ्यांतून पाणी येतं, आणि आपण ओरडतोय हे आपल्यालाच नंतर कळतं. अब्बा ओरडले नाहीत. त्यांचा उजवा पाय मात्र पत्रा दाबत होता, एवढ्या जोरात की गाडी थांबल्यावरही तो तसाच ताठ राहिला.

खाली उतरल्यावर सगळे एकदम बोलायला लागले. समुद्र दिसला का, ते जहाज दिसलं का, आपली बस केवढीशी दिसत होती. अब्बा हसत होते, मान डोलवत होते. मी त्यांना थोडं बाजूला, एका झाडाच्या कट्ट्यावर बसवलं आणि चष्मा हातात दिला. त्यांनी तो घेण्यासाठी मूठ उघडली, तर रुपया त्यांच्या तळव्यात रुतून बसलेला. घामानं ओला.

"टाकला न्हाईत?" मी विचारलं.

"माथा कवा आला आन् कवा गेला, कळलंच न्हाई. घाटात इंजिन सांगतं. हितं इंजिनच न्हाई." मग ते म्हणाले, "ही सगळी समुद्र समुद्र करत्यात. तुला दिसला?"

"दिसला."

"मला पांढरं दिसलं. नुसतं पांढरं."

मी लगेच म्हणाले, "चष्मा नव्हता ना, अब्बा." सुटायला वाट करून दिली होती मी, त्यांना आणि मलाही. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, समोर गर्दीकडे पाहिलं, आणि पुन्हा काढून मांडीवर ठेवला.

"चष्म्यानं काय व्हत न्हाई आता. डाक्टर रमजानच्या आदीच बोलला. तुज्या अम्मीला सांगितलं न्हाई म्या." मग अगदी हळू, मला ऐकायला वाकावं लागलं इतकं हळू, ते म्हणाले, "घाट पाठ हाय म्हनून चालवतो, पोरी. दिसत न्हाई."

मला त्यांचा भयंकर राग आला. आणि त्याच वेळी ती चौदा माणसं, ती लेकरं डोळ्यांसमोर आली. त्यांच्या खिशातली किल्ली मागायची होती, पण ते जमलं नाही.

संध्याकाळी बसनं आम्हाला शिरवळला सोडलं. जीप कंपनीच्या भिंतीशी उभी होती. अब्बा सवयीनं उजव्या दाराशी गेले, हात कडीवर ठेवला आणि थांबले. अम्मी माझ्याकडे बघत होती. मग बॉनेटवर हात ठेवून, चाचपत, ते गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला आले आणि किल्ली माझ्यासमोर धरली. "क्लच जरा वर धरतोय," एवढंच म्हणाले.

वडाप त्या दिवशी बंद झाली. भोरच्या स्टँडवर त्यांनी लोकांना सांगितलं की पोरगी कमावती झाली, आता आराम करतो. लोकांनी ते मानलं.

पुढच्या रविवारी महाडला निघालो, माझ्या थोरल्या बहिणीकडे. तिला तिथे दिलेली. जीप मी चालवत होते, अब्बा शेजारी, अम्मी मागे. मला घाटात येऊन दोन-अडीच वर्षं झाली होती. अब्बा सगळं तोंडपाठ सांगत होते. आता मोरी येईल, आता रस्ता खडबडीत लागेल, आता डावीकडं पाण्याची धार. सगळं तिथल्या तिथं येत होतं. माझी धास्ती थोडी कमी झाली. मनात म्हटलं, इतकं पाठ असेल तर उगीचच घाबरलो आपण.

"आंबा आला का?" त्यांनी विचारलं. पाय पत्र्यावर तयार होता. "आला की सेकंड टाक."

मी डाव्या हाताला पाहत होते. आंबा दिसेना. मग वळण एकदम समोर आलं, मी घाईनं सेकंड टाकला आणि कडेला गाडी उभी केली. जरा मागं नुसता बुंधा होता. रस्त्याच्या कामात कधीतरी कापलेला, वरून काळा पडलेला.

"आंबा न्हाई, अब्बा. तोडलाय."

"कवा?"

मला खोटं बोलता आलं असतं. कालच तोडलेला दिसतो, म्हटलं असतं तर त्यांनी मान डोलवली असती.

"लई दिवस झाल्यात," मी म्हणाले. "फुटवा आलाय. हातभर."

अब्बांनी पत्र्यावरचा पाय हळूच उचलून जवळ घेतला. पार्कातला तो रुपया त्यांनी समोरच्या फळीवर ठेवला होता, माथ्यावर मी टाकावा म्हणून. त्यांनी हात लांब करून तो चाचपून पाहिला.

"एवढ्या खेपा घाटानंच सांभाळलं. त्याला एक पुरायचा न्हाई," ते म्हणाले, आणि सदऱ्याचे खिसे एकेक करून उलटे करू लागले.