करगा उगवला त्या वर्षी

हे गेले त्याच्या पुढच्या पावसाळ्यात भनपुरीच्या कारखान्यांपलीकडचं आमचं धानाचं वावर मी स्वतः करायचं ठरवलं. मुलगा बंगळुरूला. फोनवर म्हणाला, "बेच दो ना आई. अकेले कैसे करोगी?"

"पाहू दे ना मले करून," मी म्हटलं.

तात्यापाऱ्यातल्या घरून रिक्षा, मग बस, मग बांधावरून पायी. श्रावणात धान इतकं दाट आलं की मी फोटो काढून मुलाला पाठवला. त्यानं अंगठा पाठवला. आणखी कोणाला पाठवावा, ते सुचेना.

निंदणाला बाया आल्या. त्यांनी सावा उपटला, मोथा उपटला. त्यातली म्हातारी एका जागी थांबली. "दीदी, येमा करगा हे, मोला लागथे."

करगा म्हणजे रानधान. पान धानासारखंच, उंचीही तीच. लोंबी येईपर्यंत खात्रीनं कोणालाच सांगता येत नाही. तिलाही नुसतं वाटत होतं, सांगता येईना. राहू दिलं.

लोंब्या निघाल्या अन् कळलं. धानाच्या डोक्यावरून लांब कुसळांच्या लालसर लोंब्या वर आल्या होत्या, जिकडे पाहावं तिकडे. धान पिकायच्या आधीच करग्याचे दाणे मातीत गळून पडतात अन् पुढच्या वर्षी तेच उगवतात. बाया तोवर दुसरीकडे कामाला लागल्या होत्या. मी विळा घेऊन एकटीच उतरले.

एक लोंबी मुठीत धरली अन् तोंडातून निघालं, "काहून आला रे माझ्याच वावरात?"

स्वतःचाच आवाज ऐकून दचकले. बाजारात हिंदी, वावरात छत्तीसगढी. घरात तर बोलणंच नाही. मुलाशी फोनवरची दोन वाक्यं सोडली तर कितीतरी दिवसांनी मी मोठ्यानं मराठी बोलले होते. मग बोलतच गेले. गुडघे दुखतात, एकटीसाठी कुकर लावायचा कंटाळा येतो, रविवारी दिवस सरत नाही. बोलत होते अन् कापत होते.

अशातच एक दिवस वावराच्या मधोमध गोल, पिवळट डाग दिसला. वाटलं, तेवढं लवकर पिकलं. जवळ जाऊन रोपं बाजूला सारली, तर बुडाशी तपकिरी तुडतुड्यांचा थर. शेजारचा शेतकरी बांधावरून ओरडला, "माहो लगगे दीदी! पानी ला निकाल!"

हातानंच बांध फोडून पाणी सोडलं. त्यानं फवारणी करून दिली. डाग वाढायचा थांबला, पण जे करपलं ते गेलं. लोंब्या उभ्या होत्या, दाबून पाहिल्या तर पोचट.

मळणी झाली. ह्यांच्या वेळच्या निम्मंही धान नव्हतं.

"कितना हुआ?" मुलानं विचारलं.

"कमीच झालं."

"मैंने बोला था ना." आवाजात राग नव्हता. मग म्हणाला, "खाना खाया?"

"हो," म्हटलं. चूल पेटवलीच नव्हती.

वावर मात्र विकलं नाही. पुढच्या वर्षी जांभळ्या पानांचं धान पेरलं. त्यात करगा हिरवा उठून दिसतो, लोंबीची वाट पाहावी लागत नाही. रस्त्यानं जाणारे थांबून विचारतात, "ये का लगाए हव दीदी?" मी समजावून सांगते. ते ऐकून घेतात, पुढे जातात. मी वाकते अन् पुढचं हिरवं रोप उपटते.