चालता चालता बोलणारी आत्या

तुमच्या घरातलं म्हातारं माणूस उत्तर द्यायचं म्हटलं की चालता चालता थांबतं का? नीट आठवा. आम्हाला आठवायला फार उशीर लागला.

माझी आत्या आमच्याच गावात दिलेली, आष्टीकडच्या माळावर शेळ्या चारते. तिचं तोंड आणि पाय एकदमच चालायचे. शेळीला शिवी, मला टोमणा, पण पाऊल कुठं अडायचं नाही. मग ती थांबून बोलू लागली. हाक मारली की आधी उभी राहायची, मग उत्तर द्यायची. आमच्याकडे थांबून बोलणं म्हणजे समोरच्याला मान देणं. सगळं गाव खूश! "म्हातारीला आता लई समज आली," बायका म्हणायच्या.

एका संध्याकाळी शेळ्या घरी आल्या, आत्या आली नाही. ओढ्याकाठी उभी होती. घर कुठल्या अंगाला हेच तिला आठवेना. आतेभावानं ठरवलं, येत्या बाजारात शेळ्या विकायच्या.

"वय झालं तिचं," एवढंच कारण.

मी चळवळीची पत्रकं वाचत वाढलेली पोर. निकाल कुणी दिला आणि कशावरून, हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. शेळ्या गेल्या की आत्या बाजेला खिळणार, हे दिसत होतं. भांडून तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी तिला व्हरांड्यात चालायला लावलं. ठीक चालली. "आता चालता चालता तुमच्या शेळ्यांची नावं सांगा."

"कावून? इकत घेता काय?" आत्या म्हणाली, पण थांबून. मग एक नाव घेतलं, थांबली. दुसरं घेतलं, भिंतीला हात लावला. मी गारठले. गावाला वाटलेला मान तो हाच!

बाई म्हणाल्या, "चालायलाही डोकं लागतं. चालणं-बोलणं एकदम झेपेना, तर कारण शोधायला हवं." रक्त तपासलं. मेंदूला आणि नसांना लागणारं बी-बारा जीवनसत्त्व पार तळाला गेलेलं. "सगळ्यांचं औषधानं सुटत नाही," बाईंनी स्पष्ट सांगितलं, "यांचं सुटण्यासारखं आहे."

इंजेक्शनं सुरू झाली. तोवर दावणीला हात लावायचा नाही, असं मी आतेभावाला बजावलं आणि आत्यासोबत रोज माळावर जाऊ लागले.

उन्हाळा सरता सरता एका सकाळी मी मागे पडले. पुढून आवाज आला, "अगं ए पत्रकवाले, शेळी तुझ्यापरीस बरी चालती की!" आत्यानं वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं. पाय चालूच होते! मी भर माळावर टाळ्या पिटल्या. वाटेत एकीनं तिला हाक दिली. आत्या चालतच उत्तर देऊन पुढं गेली.

"म्हातारी पुन्हा माजली बघा," ती बाई फणकारली. इतके गोड शब्द मी कधी ऐकले नव्हते. शेळ्या अजून आत्याच्याच दावणीला आहेत.

आज संध्याकाळी घरातल्या म्हाताऱ्या माणसासोबत थोडं चाला. चालता चालता काहीतरी विचारा. दर उत्तराला पाय थांबत असतील, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. दवाखान्यात न्या.