हालचाल आढळली नाही

सावकाशराव हे त्यांचे खरे नाव नव्हे. खरे नाव सलूनच्या परवान्यावर होते आणि परवाना मोठ्या आरशाच्या मागे सरकलेला होता, त्यामुळे ते कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. हे नाव गिऱ्हाइकांनी ठेवले. त्यांच्या खुर्चीत बसलेला माणूस आधी वर्तमानपत्र वाचून संपवी, मग घोरू लागे, आणि जागा होई तेव्हा मानेवरचे केस झटकणे चाललेले असे. कान धरून डोके वळवणे नाही, मान दाबणे नाही. कात्री कानाशी येई ती हवेलाही धक्का न लावता. ज्याला घाई असे तो दुसऱ्या सलूनमध्ये जाई. ज्याला झोप हवी असे तो इथे येई.

असा हा हात एके दिवशी वर जाईना. आधी वरच्या फळीवरची पावडर काढताना कळ आली. पुढे शर्टाची बाही चढवायला बायको लागू लागली. डॉक्टरांनी दंड धरून थोडा वर ढकलला, सावकाशरावांच्या तोंडून निघालेला आवाज ऐकला, आणि खांदा आखडला आहे, वेळ लागेल, असे सांगितले. हात छातीपर्यंत येई आणि तिथे थांबे. गिऱ्हाइकांची डोकी मात्र छातीच्या वर असतात, त्याला इलाज नव्हता.

दुकान पुतण्याकडे गेले आणि काका दारापाशी स्टुलावर आले. पुतण्या वाईट नव्हता. मशीन भराभर चालवी, गिऱ्हाईक हसत जाई. पण काकांची जुनी खुर्ची रिकामी राहू लागली तशी त्याची नजर तिच्यावर फिरू लागली. तिथे केस धुवायचे बेसिन बसवले तर किती बरे, असे तो आधी गिऱ्हाइकांना म्हणाला, मग काकूंना, आणि शेवटी धीर करून काकांना.

"खांदा मोकळा झाला तर खुर्ची तुमचीच, काका. मी हात लावणार नाही. पण नाहीच झाला तर नुसती अडवून ठेवण्यात काय अर्थ आहे?"

सावकाशरावांनी मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी, हे त्यांचे त्यांनाही सांगता आले नसते. प्लंबर महिनाअखेरीला येणार होता.

डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या थेरपीच्या बाईंनी आधी दोरीचा व्यायाम दिला, मग भिंतीवर बोटे चढवण्याचा. सावकाशराव दोन्ही चुकवत. दुखते म्हणून नव्हे, कंटाळवाणे आहे म्हणून, असे ते बायकोला सांगत, आणि बायको विश्वास ठेवल्यासारखे करी. तेव्हा बाईंनी नवीन उपाय काढला: व्हिडिओ गेम. टीव्हीवर कॅमेरा बसवायचा, समोर उभे राहायचे, आणि पडद्यावर वर जाणारे फुगे हाताने फोडायचे. खेळाच्या नादात माणूस दुखणे विसरतो, म्हणाल्या. शिवाय रोजचा सराव त्यांना दवाखान्यात बसून दिसणार होता.

या वयात फुगे फोडायचे, तेही खोटे. सावकाशरावांनी डोक्याला हात लावला, अर्थात डावा.

घरातला टीव्ही जुना होता, म्हणून दुपारी सलून बंद असताना तिथल्या टीव्हीला खेळ जोडायचे ठरले. पहिल्याच दिवशी यंत्राने त्यांना ओळखायला नकार दिला. समोरच्या आरशात एक सावकाशराव, मागच्या आरशात त्यांची पाठ, आणि पाठीच्या आत पुन्हा तोंड. यंत्राला वाटले घोळका जमला आहे. "कृपया एका वेळी एकच खेळाडू," असे आतली बाई कमालीच्या गोड आवाजात सांगत राहिली. पुतण्याने सगळ्या आरशांवर टॉवेल टाकले. दुकानाला कोणी वारल्यासारखी कळा आली.

मग फुगे सुटले. सावकाशरावांनी दात-ओठ खाऊन हात उचलला, वर नेला, आणि फुग्याला हलकेच लावला. फुगा त्यांच्या बोटांमधून निघून गेला.

"हालचाल आढळली नाही," गोड बाई म्हणाली. "पुन्हा प्रयत्न करा."

त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा आढळली नाही. घामाने शर्ट पाठीला चिकटला, खांद्यातून ठिणग्या निघाल्या, आणि बाईचा गोडवा तसूभरही कमी झाला नाही. पुतण्याचे म्हणणे, हात झटका, काका, फटका मारा. पण फटका मारायचा म्हटले की हात आपोआपच सावध होई. उभी हयात त्या हाताच्या खाली कोणाचे तरी कान होते.

असे रोज दुपारी चाले. भरीला बायको डबा घेऊन येई आणि गंमत म्हणून एक डाव खेळे. ती फुग्यांवर अशी तुटून पडे की पडद्यावर चांदण्यांचा पाऊस पडे आणि गोड बाई "उत्कृष्ट! अप्रतिम!" म्हणत सुटे. गुडघे धरून जिना चढणारी बायको आता सांगू लागली की जिना काहीच नाही. पूर्वी डबा देऊन जायची, आता नवऱ्याचे आटोपायची वाट बघत ताटकळू लागली. सावकाशरावांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. दुखणे आपले, औषध आपले, आणि गुण हिला.

पुढच्या भेटीला थेरपीच्या बाईंनी कॉम्प्युटरवर त्यांचा सराव उघडला. पडद्यावर एक आडवी रेघ होती, टेबलाच्या कडेसारखी सरळ.

"काका, तुम्ही काही करतच नाही आहात," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, कंटाळा होता, आणि तो जास्त लागला. असेच चालायचे असेल तर नुसते दवाखान्यात येऊन उपयोग नाही, असेही त्यांनी ऐकवले.

रोज घाम गाळणाऱ्या माणसाला आळशी म्हटले की तो आधी गप्प होतो. बोलली ती सोबत आलेली बायको.

"करतात हो, मॅडम. मी समोर असते. पण त्यांना हात झटकताच येत नाही. आमचं लग्न झाल्यापासून यांनी एक डास मारलेला नाही. नुसता उठवून लावतात."

मॅडमनी हात वर करायला सांगितला. हात निघाला, छातीशी आला, आणि कुठेही न अडखळता हनुवटीपर्यंत गेला. इतका सावकाश की मॅडमचे लक्ष मध्येच घड्याळाकडे गेले. परत पाहतात तर हात वरच होता. त्या खुर्चीतून उठल्या. दुखतंय का, विचारले. दुखतंय, पण कोणाला सांगायचं, तुमच्या त्या बाईला हालचाल आढळत नाही, असे सावकाशराव म्हणाले. तेव्हा मॅडम हसल्या, आणि फुगे बंद झाले.

नवीन खेळ थरथर असलेल्या रुग्णांसाठी होता. काठोकाठ भरलेले वाडगे दोन्ही हातांनी उचलायचे आणि फळीवर ठेवायचे. हात हिसकला की पाणी सांडते. जमले की पुढची फळी जरा वर.

सावकाशरावांनी पहिले वाडगे उचलले तेव्हा पाण्यावर तरंगही उठला नाही. दुसरे, तिसरेही तसेच. बायकोने हात घालताच पडदाभर पाणी झाले आणि गोड बाई म्हणाली, "कृपया शांतपणे." ते ऐकून सावकाशरावांना किती बरे वाटले ते त्यांनी तिला सांगितले नाही, पण तिला दिसले. ती रुसून डबा आवरू लागली.

खेळावरची त्यांची चिडचिड मात्र थांबली नाही, फक्त विषय बदलला. वाडग्याचा काठ वाकडा आहे, फळी नीट बसवलेली नाही, पाणी असे कधी हलते का. दुखण्याचे ते आता बोलत नव्हते. फळी वर वर जात होती आणि ते भांडत भांडत तिच्यामागे जात होते.

प्लंबर यायचा त्या सकाळी निवृत्त पोस्टमास्तर दारात उभे राहिले. सावकाशरावांचा खांदा आखडल्यापासून त्यांनी मशीन डोक्याला लावू दिले नव्हते, त्यामुळे केस कानांवरून खाली आले होते. ते आले, पुतण्याच्या खुर्चीकडे पाहिलेही नाही, सरळ जुन्या खुर्चीत जाऊन बसले आणि वर्तमानपत्र उघडले. सावकाशराव स्टुलावरून उठले. पुतण्याने खुर्चीचा दांडा दाबून ती जाईल तितकी खाली केली.

बाजू झाल्या, मान झाली. मधून मधून ते हात खाली सोडत, खांदा चोळत, पुन्हा उचलत. राहिला माथा. तिथे त्यांनी श्वास घेतला आणि कात्री भरल्या वाडग्यासारखी वर नेली. प्लंबर मोजपट्टी घेऊन आला होता, तोही दारातच थांबला.

कपडा झटकला तशी पोस्टमास्तरांना जाग आली. त्यांनी समोर न बघताच वर्तमानपत्र सावरले.

"काय हो सावकाशराव, सुरुवात कधी करणार?"

हात दुखत होता, तो सावकाशरावांनी खुर्चीच्या पाठीवर टेकवला.

"हालचाल आढळली नाही," पुतण्या म्हणाला, आणि प्लंबरला पलीकडची भिंत मोजायला सांगितली.