मागून बोलणारे मामाजी

वाकडं तास, म्हणजे नांगरटीची नाहीतर पेरणीची वाकडी ओळ, मामाजींना सहन व्हायचं नाही. मग ते स्वतःच्या वावरातलं असो, एसटीतून दिसलेल्या परक्या माणसाच्या वावरातलं असो, नाहीतर माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावरचं असो. धाड गावच्या बाजाराला जाताना ते खिडकीशी बसायचे आणि बाहेर बघत पुटपुटत राहायचे, "कोन पेरलं बे हे? झोपीत पेरलं काय?" एकदा ज्याने पेरलं तोच मागच्या सीटवर निघाला. दुसरा कुणी असता तर वरमला असता. मामाजींनी मागे वळून त्याला धाड येईपर्यंत तिफण कशी धरायची ते समजावून सांगितलं. तो बिचारा उतरताना पाया पडला.

मामाजी म्हणजे माझे सासरे. गाव त्यांना अण्णा म्हणायचं, आणि शेवटच्या काही वर्षांत ज्यांनी त्यांना कधी पाहिलंही नाही असे कुठले कुठले लोक त्यांना 'मागचे बाबा' म्हणायला लागले होते. त्याला कारण मी आणि माझे व्हिडिओ.

मी माहेरची साखरखेर्ड्याची. कॉम्प्युटर शिकलेली आणि गेमचं वेड असलेली. मी गेम खेळायचे, त्याचं रेकॉर्डिंग करायचे, त्यावर बोलायचे, कापून-जोडून व्हिडिओ बनवायचे आणि चॅनेलवर टाकायचे. लग्नानंतरही ते सुटलं नाही. नवऱ्याचं बुलढाण्याला लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे घरात मशीन कायम. सून भर दुपारी गेम खेळत बसते हे ऐकून भावकीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावला होता. लावेनात का. तसं माझ्या चॅनेलचंही काही खरं नव्हतं. "नमस्कार मित्रांनो" म्हणून मी अगदी पुस्तकी मराठीत सुरू व्हायचे, आणि बघणारे म्हणजे माझा भाऊ, माझा नवरा आणि चुकून आलेले काही जण.

मामाजींच्या शब्दाला मात्र गावात वजन होतं. कोणतं बियाणं घ्यावं, पेरणी कधी करावी, लोक त्यांना विचारून करायचे. बीटी कापूस आला तेव्हा त्यांनीच पारावर बसून सांगितलं होतं, "आता अळी बोंडाले तोंड लावत नाही. बिनघोर लावा." आणि खरंच कित्येक वर्षं तसं झालं. गावात स्लॅबची घरं उभी राहिली, त्याचं थोडं श्रेय लोक मामाजींना द्यायचे आणि तेही ते निमूट घ्यायचे. मग गुलाबी बोंडअळी आली. बोंड वरून टपोरं, हिरवंगार, आणि फोडलं की आत अळी बसलेली. पहिल्या वर्षी मामाजी म्हणाले, एखादं साल असते असं. दुसऱ्या वर्षीही तेच झालं, तेव्हा त्यांनी उभ्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, रोटावेटर घातला. ट्रॅक्टर दुसऱ्याला चालवू दिला नाही. त्या दिवशीही तास सरळच होतं, असं माझे यजमान सांगतात.

घरी आले, हातपाय धुतले, जेवले, आणि त्यानंतर बोलणंच थांबलं. रागावले नव्हते, रडले नव्हते. काही विचारलं तर मान हलवायचे, नाहीतर तेही नाही. आमच्या भागात कापूसवाला माणूस असा गप्प झाला की घरचे रात्ररात्र जागून त्याला राखतात. का ते आमच्याकडच्या कुणालाही सांगावं लागत नाही. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, फवारणीच्या औषधाचे डबे शेजारी सलीमभाईंच्या घरी ठेवून आल्या. मामाजींना एकटं सोडायचं नाही हेही ठरलं, कुणी कुणाला बोलून न दाखवता. दुपारची पाळी माझ्याकडे आली.

आता दुपारी त्यांच्या खोलीत बसायचं तर करायचं काय? मी लॅपटॉप खाटेसमोरच्या स्टुलावर मांडला. त्या दिवसांत शेतीचा एक गेम मी नुकताच घेतला होता. परदेशातली शेती, लांबच लांब वावरं, भलामोठा ट्रॅक्टर, आणि माझं चालवणं म्हणजे सगळा आनंदीआनंद. माईक लावून मी सुरू केलं, "तर मित्रांनो, आता आपण जमीन तयार करणार आहोत." आणि पाठीमागून आवाज आला, "तास वाकडं चाललं, माय."

मी वळले नाही. वळले तर ते पुन्हा मिटतील असं वाटलं. तेवढ्यात ट्रॅक्टर सरळ बांधावर चढला. "घे, आता तं धुराच फोडला," मामाजी म्हणाले, "शेजाऱ्यासंग भांडन लावतं काय?" आत्याबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी तोंडावर हात धरला होता आणि गालाला पीठ लागलेलं त्यांना समजलंही नव्हतं. मी खेळत राहिले, मामाजी बोलत राहिले. डोळ्यांतल्या पाण्याने मला पुढचं काही दिसत नव्हतं, त्यामुळे तास आणखीच वाकडं गेलं आणि त्यावर आणखी बोलणी खाल्ली.

तो व्हिडिओ मी तसाच टाकला. लोकांनी लिहिलं, ताई, तुम्ही गप्प बसा आणि मागच्या बाबांना बोलू द्या. मला काडीचाही राग आला नाही. त्यानंतर मी रोज मुद्दाम वाकडा ट्रॅक्टर चालवायचे. त्यांना ते समजत नव्हतं असं नाही. एकदा म्हणाले, "मले बोलतं कराले करून राह्यली काय वो?" मी म्हटलं, नाही मामाजी, मला खरंच येत नाही. "मंग शिक," ते म्हणाले आणि खाट स्टुलाजवळ ओढायला सांगितली.

गेममध्ये पैसे देऊन एक गडी ठेवता येतो. तो न थकता, न जेवता दिवसभर नांगरत राहतो. मामाजींना हे पटेना. "दुपार झाली. त्याले काऊन जेवू देत नाहीस?" मी सांगितलं, तो खरा माणूस नाही. "नसंल," ते म्हणाले, "पन काम तं करून राह्यला ना?" मग मी गड्याला थांबवायचे, आणि आम्ही सगळे त्याचं जेवण होईपर्यंत बसून राहायचो. व्हिडिओमध्ये नुसता उभा ट्रॅक्टर आणि मागे मामाजींचं बोलणं, त्यांच्या वडिलांच्या बैलजोडीचं, देऊळघाटच्या मावशीच्या हातच्या ज्वारीच्या भाकरीचं. एरवी कुणी सेकंदभर कंटाळलं की पुढे जातं, पण हे मात्र लोक शेवटपर्यंत बघायचे.

मग गेममध्ये कापूस लावला. मी नाही, त्यांनीच लावायला सांगितला, तोही बरेच दिवस कापसाचं नाव टाळल्यावर. पीक तयार झालं, वेचणीचं मशीन मी वावरात आणलं आणि मामाजी ताडकन उठून बसले. "थांब. सीतादही झाली काय?" आमच्याकडे पहिल्या वेचणीआधी बायका वावरात पऱ्हाटीची पूजा करतात, दहीभात शिंपडतात, मगच बोंडाला हात लावतात. मी म्हटलं, मामाजी, हे मशीन आहे. "मशीन असो का बाई असो," त्यांनी निक्षून सांगितलं. आत्याबाईंनी मुकाट्याने दहीभात कालवून आणला, पडद्याला हळदकुंकू लावलं आणि चार शितं समोर शिंपडली. एक शीत की-बोर्डमध्ये गेलं. यजमानांनी ते नंतर दुकानात काढलं आणि गिऱ्हाईक समोर असल्यामुळे कशाचं आहे ते सांगितलं नाही.

पण मशीन सुरू करणार तोच मामाजी म्हणाले, "बोंड फोडून पाय."

गेममध्ये बोंड फोडून पाहता येत नाही. तिथे कापूस म्हणजे नुसतं पांढरं दिसणं. मी जवळ जाऊन दाखवलं, फिरवून दाखवलं. ते म्हणत राहिले, "वरून तं साजरंच दिसते. आमचं नव्हतं दिसत काय? फोडून पाय." मग एकदम आवाज खाली आला. "म्या सांगतलं होतं लोकायले, बिनघोर लावा म्हनून. माह्या शब्दावर लावली त्याईनं. आता कोन्या तोंडानं बोलू?"

रेकॉर्डिंग चालूच होतं. संध्याकाळी मी त्यांना विचारलं, हे कापून टाकू का? ते म्हणाले, "राहू दे. म्या पारावरच सांगतलं होतं ना. मंग हेही चारचौघांतच राहू दे."

तो व्हिडिओ गावातही फिरला. दोन दिवस कुणी काही बोललं नाही. ते दोन दिवस मामाजींनीही तोंड उघडलं नाही, आणि आत्याबाई पुन्हा रात्ररात्र जागायला लागल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी सलीमभाई आले. त्यांचंही वावर त्या साली पूर्ण गेलं होतं. दारातून आत येऊन ते खाटेच्या कडेवर बसले. म्हणाले, "अन्ना, देखा मैंने. तुमी सांगतलं म्हनून लावली असं कोन म्हनते? मले बी पांढरं वावर पाह्याचं होतं. लालच मेरी थी, तुमी सोतावर काऊन घेता?" मामाजींनी त्यांचा हात धरला. थोड्या वेळाने दोघं उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आत्याबाईंनी सगळ्यांसाठी चहा टाकला आणि साखर घालायला विसरल्या.

त्यानंतर मामाजींचं बोलणं पुन्हा थांबलं नाही. पुढच्या हंगामात त्यांनी तूर पेरली, वावरात जायला लागले, पण दुपारी घरी यायचे. व्हिडिओत कुणी शहरातलं विचारायचं, काका कोणती भाषा बोलतात. मी वाचून दाखवलं की म्हणायचे, "त्याले सांग, पोटातली." पडद्यावर कापूस अनेकदा पिकला. हळूहळू त्यांनी बोंड फोडायला सांगणं सोडलं.

मामाजी गेले ते झोपेत, माघाच्या थंडीत. हार्ट, असं डॉक्टर म्हणाले. ज्या मरणाला आम्ही भीत होतो ते आलं नाही, साधं मरण आलं. हे बोलायला विचित्र वाटतं, पण तेरवीला बसलेल्या प्रत्येकाच्या मनात ते होतं आणि रडता रडता तेवढाच एक दिलासा होता.

काही महिन्यांनी आत्याबाईंनी मला म्हटलं, "ते तुह्या मोबाईलातले लाव नं वो." मी व्हिडिओ लावून दिले. फोन आल्यासारखा त्या मोबाईल कानाला धरायच्या. चित्राकडे बघायच्याच नाहीत, नुसतं ऐकायच्या. तास वाकडं चाललं, धुरा फोडला, गड्याला जेवू दे. असं बरेच दिवस चाललं. एक दिवस मोबाईल माझ्या हातात देत म्हणाल्या, "तुले किती बोलले वो ते. मले जलमभर इतकं नाही बोलले."

मला ते ऐकवेना. कारण ते खरं नव्हतं. रेकॉर्डिंग चालू असताना ते सारखे त्यांना हाक मारायचे. चहा ठेव, चष्मा कुठं आहे, गुडघा दुखते काय आज, बस नं जराशी. मला हे ठाऊक होतं, कारण रोज संध्याकाळी ते सगळं मीच कापायचे. शेतीचं बोलणं ठेवायचं आणि घरचं काढायचं, एडिटिंग म्हणजे तेच असतं. आणि मूळ रेकॉर्डिंग इतकी जागा खातं की व्हिडिओ चढला की ते पुसून पुढच्याला जागा करायची, सगळेच करतात. यजमान दुकानात लोकांच्या गेलेल्या फायली परत काढून देतात. ते आमची डिस्क घेऊन दिवसभर बसले. संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी आले आणि आईची नजर टाळून आत गेले.

मग मी कानाला हेडफोन लावून चॅनेलवरचे सगळे व्हिडिओ पहिल्यापासून ऐकायला घेतले. मी फार नीट कापायचे, कुठे काही सुटलेलं नव्हतं. शेवटी एका व्हिडिओत, वेचणीच्या मशीनच्या आवाजाखाली दबलेलं, माझ्या कात्रीतून निसटलेलं एक वाक्य सापडलं. मी ते वेगळं केलं, मशीनचा आवाज शक्य तेवढा कमी केला आणि आत्याबाईंना हाक मारली. त्या आतल्या खोलीत तूर निवडत होत्या, म्हणाल्या, तिथूनच ऐकते. मी लॅपटॉपचा आवाज मोठा केला.

"अवो, इकडं ये नं. पाय, किती साजरा फुटला कापूस."

आतला सुपाचा आवाज थांबला. "मले तवा ऐकूच नाही आलं," त्या म्हणाल्या. "आखीन एकदा लाव."

मी लावलं. मामाजींनी पुन्हा हाक मारली.

"हाव, आली," आत्याबाई म्हणाल्या, आणि पदराला हात पुसत बाहेर येऊन पडद्यासमोर कापूस बघायला बसल्या.