न फुगलेले रोल

इमारतीत तिला सगळे रोलवाली म्हणायचे, आणि ते ऐकलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. ती मूळची चष्म्याच्या दुकानातली. काच घासून फ्रेममध्ये अशी बसवायची की गिऱ्हाईक आरशासमोरून हलायचं नाही. पुतणीच्या वाढदिवसाला हौसेने दालचिनीचे रोल केले काय, आणि सगळ्यांनी मिळून तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं काय! नवऱ्याने मोठा ओव्हन आणला, सासूबाई फोनवर ऑर्डरी घेऊ लागल्या, जो तो "घरबसल्या किती छान" म्हणू लागला, आणि दुकान कधी सुटलं ते तिचं तिलाच कळलं नाही.

घरबसल्या म्हणजे काय, ते म्हणणाऱ्यांनी एकदा करून बघावं. मैदा मळून ठेवला की तो फुगेपर्यंत घराबाहेर पाऊल टाकायची सोय नाही. जास्त फुगला तर आंबतो, कमी फुगला तर रोल दगडासारखे. लोणी-साखरेचे गोड रोल निघेपर्यंत तिखटामिठाचे, म्हणजे परतलेला कांदा, चीज आणि चिमूटभर दालचिनी भरलेले, ओट्यावर वाट बघत असायचे. गार वारा लागू नये म्हणून खिडकीसुद्धा बंद. तान्हं मूल निदान मोठं तरी होतं, हे पीठ रोज नव्याने जन्माला यायचं.

अशात दुकानाच्या मालकांचा फोन आला. "तुमची जागा रिकामी झालीय. शनिवारपर्यंत कळवा, नाहीतर मी दुसरं कुणी बघतो."

तिला जायचंच होतं. पण घरात सांगणार कसं? नवरा स्वभावाने गरीब, स्वतःचं काम उरकून आला की तिचे डबे पोचवायला पळायचा. चांगल्या माणसाशी भांडताही येत नाही. शनिवार उजाडला तरी तिच्या तोंडून शब्द फुटेना, म्हणून तिने वेगळीच युक्ती काढली.

त्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या वकीलबाईंची मोठी ऑर्डर होती. दालचिनी नेहमी लाटलेल्या पोळीवर भुरभुरायची असते. पिठातच भरपूर मळली तर यीस्ट मान टाकतं. हे घरात तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. तिने मूठमूठ दालचिनी गोड आणि तिखट अशा दोन्ही रोलांच्या पिठांत मळून टाकली. एकदा नाव खराब झालं की ऑर्डरी आपोआप बंद होतील, असा तिचा हिशेब. पीठ ढिम्म हललं नाही. बऱ्याच दिवसांनी ती खिडकी सताड उघडून उभी राहिली. ओव्हनमधून चपट्या, कडक चकत्या निघाल्या तेव्हा तिच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

"आज जरा बिघडलंय," ती तोंड पाडून म्हणाली.

"असू दे गं," म्हणत नवरा डबे घेऊन खाली गेला, आणि परत आला तो धापा टाकतच. "अगं, वकीलबाई खूश! असे कुरकुरीत कुठेच मिळत नाहीत म्हणाल्या. दर आठवड्याला हेच पाहिजेत, ऑफिसलासुद्धा!"

"हिच्या हातून वाईट काही होतच नाही," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "मुद्दाम करायला गेली तरी व्हायचं नाही."

ती मटकन खुर्चीत बसली. नवरा तिच्यासमोर उकिडवा बसला.

"दमलीस का? हे बघ, तुला मनापासून आवडतं ना हे सगळं? नसेल तर आत्ता सांग. उद्यापासून बंद करू."

इतकं सरळ त्याने कधी विचारलं नव्हतं. त्याच्या बाहीला साखर चिकटली होती. सासूबाई वकीलबाईंना होकार कळवायला फोन हातात धरून थांबल्या होत्या. दुकानाची गोष्ट तिच्या अगदी ओठांवर आली. आणि तिला स्वतःचाच भयंकर राग आला, कारण आपण काय बोलणार आहोत ते तिला आधीच कळलं होतं.

"आवडतं की," ती म्हणाली.

मग आतल्या खोलीत जाऊन तिने मालकांना फोन लावला. "दुसरं कुणीतरी बघा, मला जमणार नाही," असं ती म्हणाली. एवढं मात्र तिला एका दमात सांगता आलं.