नानकटाईवरचा पिस्ता

उस्मानचाचा गेल्याची बातमी मला सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली. सेक्रेटरींनी लिहिलं होतं, ‘देवमाणूस गेला. भावपूर्ण श्रद्धांजली.’ खाली जोडलेल्या हातांची रांग. मी आधी मोठ्यानं हसलो आणि मग फोन असा आपटला, की बायको स्वयंपाकघरातून धावत आली. दोन वर्षांपूर्वी याच ग्रुपवर याच गृहस्थांनी ‘त्यांच्या दुकानातून काही घेऊ नका’ असा मेसेज टाकला होता. तेव्हाही खाली हातच जोडलेले होते...

आम्ही खांदा कॉलनीतली माणसं दिवाळीआधी मैदा, तूप, साखर घेऊन जुन्या पनवेलात चाचांच्या बेकरीत जायचो. आमच्याच सामानाची नानकटाई ते भाजून द्यायचे. ट्रे अदलाबदल होऊ नयेत म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली. सेक्रेटरींचा पिस्त्याचा काप, आमचा अंगठ्याचा खळगा. मी घाई केली की चाचा ओरडायचे, “अरे नाटक्या, भट्टी हाय ही, तुझं स्टेज नाय!”

मेसेजनंतर ती गर्दी आटली. त्या दिवाळीत मी डोक्यावर डबा घेऊन, “चला नानकटाईलाऽऽ” अशी कॉलनीभर आरोळी ठोकत निघालो. खिडक्या उघडल्या, दारं नाही. चाचा म्हणाले, “एका घरासाठी भट्टी कशी पेटवू, बेटा?” मग मी आणखी सामान आणलं आणि अर्ध्या नानकटाईवर पिस्ता लावून घेतला. फराळाला सेक्रेटरींना बोलावलं. चार खाल्ल्या पठ्ठ्यानं!

“वा! अगदी पूर्वीसारखी. कुठून आणलीत?”

“वरचा पिस्ता ओळखला नाहीत?”

पाचवी त्यांनी बशीत परत ठेवली. “तुम्ही पण ना!” म्हणत रुमालानं बोटं पुसली. पुढच्या दिवाळीलाही ते बेकरीत गेले नाहीत. कुणीच गेलं नाही. चाचा आजारानं गेले म्हणतात... म्हणोत बापडे.

परवा झुबेदाचाचींना भेटायला गेलो. भट्टी थंड, पण ट्रे लख्ख घासून भिंतीला टेकवलेले. “या दिवाळीला मीच पेटवीन,” चाची म्हणाल्या, “पण एका घरासाठी नाय जमायचं रे.” मग फळीवरची पिस्त्याची बरणी खाली घेत त्यांनी विचारलं, “सेक्रेटरीसाहेबांसाठी काप करून ठेवू का, नाटक्या?”

सेक्रेटरीसाहेब, मी हे ज्यात लिहितोय ती पेपरची पुरवणी तुमच्याही घरी येते. चाची बरणी हातात धरून उभ्या आहेत. काय सांगू त्यांना?