सातव्या फॉर्मनंतर

कल्पना करा, तुमच्यासमोर टेबलाएवढा छापील कागद पसरलाय. पुढे आठ पानं, मागे आठ. पहिल्याला खेटून सोळावं, आणि पहिल्याच्या डोक्याला डोकं लावून आठवं, तेही उलटं! आता घडी दाबायची हाडाची पट्टी घ्या आणि तीन घड्या घाला. जमलं? सोळाच्या सोळा पानं ओळीने लागली. हा झाला पुस्तकाचा एक फॉर्म. असे हजार संध्याकाळपर्यंत करायचे आहेत. आणि हो, हात न थांबवता वाचायचंही आहे.

सोळापानी हेच करायची. हे तिचं कारखान्यातलं टोपणनाव. सतराव्या वर्षी ती आत्याच्या मागोमाग बांधणीच्या कारखान्यात आली. घरात कॅलेंडर सोडलं तर छापील असं काही नव्हतं, आणि इथे तर गोष्टींचे कमरेइतके गठ्ठे! अडचण एवढीच, की प्रत्येक बाईकडे पुस्तकाचा एकच फॉर्म यायचा, आणि हिच्या वाट्याला कायम सातवा. पान सत्त्याण्णव ते एकशे बारा. दोन वर्षांत तिने साठेक कादंबऱ्यांची नुसती मधली पानं वाचली. कोण कोणाची बहीण हे माहीत नसताना त्यांची भांडणं ऐकली, आणि प्रेत कोणाचं हे न कळताच पोलिसांबरोबर वणवण केली.

मग आली दीपगृहाच्या रखवालदाराची कादंबरी. वीस वर्षं बेपत्ता असलेला भाऊ एकशे बाराव्या पानावर दारात उभा राहतो. रखवालदार म्हणतो, "आत ये. पण आधी खरं सांग." पान संपलं!

सोळापानीचा जीव टांगणीला लागला. आठवा फॉर्म पलीकडच्या खोलीत, आत्याकडे. "थोडी कळ काढ," आत्या म्हणाली. "उद्या जुळणीला सगळे फॉर्म एकाच टेबलावर येतील. जेवणाच्या सुट्टीत वाच, नाहीतर पारायण कर."

दुसऱ्या दिवशी लांबलचक टेबलावर फॉर्मांचे गठ्ठे क्रमाने लागले, आणि बायका प्रत्येकातला एकेक उचलून पुस्तक जुळवू लागल्या. संपत आलेल्या गठ्ठ्यावर नवा आणून ठेवायचं काम सोळापानीकडे होतं. हात टेबलावर, डोकं दीपगृहात. तिने आठव्याच्या जागी सातव्याचाच गठ्ठा रचला. प्रत्येक फॉर्मच्या पाठीवर एक काळी खूण असते, आधीच्यापेक्षा जरा खाली. फॉर्म नीट लागले की त्या खुणांचा जिना दिसतो. दुपारी मालकांनी एक प्रत उचलली आणि त्यांना जिन्याची एक पायरी दोनदा दिसली.

"अगं ए सोळापानी! दोनशे प्रती गाडीत घालून रवाना झाल्या! वाचनाची एवढी खाज असेल तर घरी बस आणि वाच. जा, खळीच्या खोलीत जा. या टेबलाकडे फिरकायचं नाही!"

जेवणाच्या सुट्टीला अजून दहा मिनिटं होती.

उरलेल्या प्रतीही बांधून गेल्या, आणि ते पुस्तक पुन्हा छापलं गेलं नाही. ती वाचनालयाची सभासद झाली, दुकानं धुंडाळली, कपाटं भरेल इतकं वाचलं. नवरा म्हणायचा, "या घरात पुस्तकांना जागा आहे, मला खुर्ची शोधावी लागते." दीपगृह मात्र सापडलं नाही.

आणि छत्तीस वर्षांनी, गेल्या मंगळवारी, एका वाचनालयाकडून कारखान्यात दुरुस्तीला आलेल्या पोत्यातून ते निघालं! पाठ उसवलेली, कोपरे कुरतडलेले. सोळापानीने पहिल्या पानापासून सुरुवात केली, उभ्या उभ्या. भाऊ दारात आला. "आत ये. पण आधी खरं सांग." तिने श्वास रोखून पान उलटलं.

पान सत्त्याण्णव.

तिच्याच दोनशे प्रतींपैकी एक! ती इतकी मोठ्याने हसली, की आताच्या मालकीणबाई धावत आल्या. पुढचा नववा फॉर्म तर आणखीच छळणारा: दीपगृहातला दिवा विझलेला, आणि दोघे भाऊ एका नावेत बसून निघालेले. मधे झालं काय?

संध्याकाळी तिने थेट आत्याचं घर गाठलं. "आत्या, दीपगृहाच्या पुस्तकाच्या आठव्या फॉर्मच्या घड्या तू घातलेल्यास. काय होतं त्यात?"

"मला काय विचारतेस बाई? वाचत बसायला मी काय तू आहे? मी आकडे बघून घडी घालायचे." मग आत्या थबकली. "एक चित्र होतं बघ. जिन्यावर दोन माणसं बसलेली, अगदी जवळजवळ."

"कितव्या पानावर?"

"एकशे वीस. पट्टी तिथूनच फिरायची ना माझी."

"आत्या! रडत होते की हसत होते?"

आत्याने डोळे मिटले, हवेत एक घडी घातली, आणि मान हलवली. "एकशे वीस म्हणजे फॉर्मचं आठवं पान. ते माझ्यासमोर उलटं यायचं गं."

सोळापानीने तिथल्या तिथे कागद घेतला. दोन चेहरे काढले, ओठांच्या दोन कमानी काढल्या आणि कागद उलटा फिरवला. पुन्हा सुलटा केला. पुन्हा उलटा.

"नीट आठव ना आत्या. कमान वर होती की खाली?"